परदेशी गायिकांच्या यादीत मीनल

मीनलने यादी तीनदा वाचली आणि टेबलावर आपटली. नाव होतं, पण भलत्याच रकान्यात! ग्लासगोत शिकलेली, तिथल्याच पबमध्ये घसा फोडून वर आलेली ही मुलगी. आणि १९८९च्या ब्रिटनच्या राष्ट्रीय संगीत पुरस्कारासाठी तिला उभं केलं होतं कुठे, तर परदेशी गायिकांत. तिला एवढंच हवं होतं, की या देशाने तिला एकदा तरी आपली म्हणावं.

तिने रेकॉर्ड कंपनीला फोन लावला. तिथल्या बाईंनी थंडपणे सांगितलं, फॉर्मवर जन्मस्थळ सातारा आहे आणि समिती जन्मस्थळच बघते. त्यात खोटं काही नव्हतं. मीनलची आई सुप्रभाताई सातव्या महिन्यात विमानात बसून साताऱ्याला गेल्या होत्या. पहिलं बाळंतपण माहेरीच व्हायला हवं, मग ते माहेर पाच हजार मैलांवर का असेना! लेक तीन महिन्यांची झाल्यावर तिला घेऊन परतल्या. त्या तीन महिन्यांनी आता पंचवीस वर्षांवर पाणी फिरवलं होतं.

सुप्रभाताईंनी तोवर दूध पावडरचे पेढे करायलाही घेतले होते. "अगं, नॉमिनेशन मिळालंय ना? मग लिस्ट कुठली का असेना!"

"आई, मी फॉरेनर नाही! इथे हॉस्पिटल नव्हतं का? बाबा तर तिथेच डॉक्टर होते. व्हॉट वेअर यू थिंकिंग?"

"तिथे होते म्हणूनच! तीन-तीन दिवस घरी यायचे नाहीत. बावीस वर्षांची होते मी. शेजारीण दारसुद्धा उघडायची नाही." सुप्रभाताईंचा आवाज चढला. "घाबरले, म्हणून आईकडे गेले. गुन्हा केला का?"

मीनलला रडू आलं, आणि रडू आलं म्हणून आणखीच संताप आला. भांडायचं तरी कोणाशी? तिने पुन्हा फोन फिरवला. ब्रिटिश गायिकांत नाव घाला, म्हणाली. ते नियमात बसत नाही, असं उत्तर आलं.

"मग माझं नाव काढून टाका."

बाईंनी दोनदा विचारलं, रेकॉर्डच्या खपाची आठवण करून दिली. मीनल बधली नाही. तिने फोन ठेवला.

सुप्रभाताईंनी गॅस बंद केला. "म्हणजे आता तू कुठल्या लिस्टमध्ये?"

"कुठल्याच नाही," मीनल म्हणाली.