आत्यानं सही का केली?

"ही सही का करते?" की-बोर्डवरचे हात उचलून बिलकीसनं विचारलं. "तुझी ही आत्या. भाऊ घराचा कागद पुढे करतो आणि ही एकदा वाचतसुद्धा नाही?"

समोर बसलेली हिबा हसली नाही. "माझ्या आत्यानं केली होती," ती म्हणाली.

दुपारचे अडीच वाजले होते. शारजाच्या रोल्ला भागातली बरीच दुकानं चारपर्यंत बंद, तसं हे टायपिंग सेंटरही. शटर अर्धं खाली होतं. बिलकीस इथे एकोणतीस वर्षं लोकांचे व्हिसाचे अर्ज अरबीत भरून देत होती. अक्षरं दाभोळच्या मदरशात शिकलेली, अर्थ मात्र इथल्या काउंटरवर. हिबा सुदानची कादंबरीकार. लढाई पेटल्यावर खार्तूम सोडून ती कैरोमार्गे शारजात बहिणीकडे आली. वाटेत पाच वह्यांत तिनं एका घराची गोष्ट लिहिली होती. घर नाईलच्या काठावरचं, मुलगे देशोदेशी पांगलेले आणि राखायला मागे राहिलेली एक आत्या. प्रकाशकाला टाइप केलेली प्रत हवी होती आणि हिबाचं मनगट लिहून लिहून धरलं होतं. मालक विजयकुमार म्हणाला, दुपारी मशीन रिकामंच असतं, कर. बिलकीस रोज डबा खाऊन टाइप करायला बसायची.

"मग बदल ना," बिलकीस म्हणाली. "कादंबरी तुझीच आहे."

"मी बदललं तर ती कागदावर सुटेल. खरी आत्या कैरोत परक्यांच्या खोलीत वारली, बिलकीस. शेवटपर्यंत अंगणातल्या लिंबाला पाणी घातलं का, विचारत होती. सही का केलीस, असं तिला कुणी विचारलं नाही. मीही नाही."

बिलकीस पुन्हा टाइप करू लागली. आत्यानं सही केली, हे एवढंसं वाक्य तीनदा चुकलं.

तेवढ्यात शटरखालून वाकून अजीज आत आला. तिचा धाकटा भाऊ, अजमानला दुकान चालवायचा. हातात प्लास्टिकची फाइल होती.

"बुबू, उद्या दहाची अपॉइंटमेंट हाय कॉन्सुलेटात. तू फक्त सही मारायची. रात्रीच्या फ्लाइटनं मी गावाला निघतो. घर घेणारा रिसॉर्टवाला थांबणार नाही."

"वाचू दे."

"काय वाचतेस? दोन पानं हायत. मी परका हाय?"

ती इतरांचे कागद वाचायची तसाच तिनं तो वाचला, वरपासून, ओळीवर बोट ठेवून. एका ठिकाणी बोट थांबलं. "'मी राजीखुशीने वडिलांच्या घरावरचा हक्क सोडत आहे.' राजीखुशीनं? मला कुणी विचारलं, राजी हायस का म्हणून?"

"आपल्यात बहिणी हिस्सा घेत नाहीत, बुबू. आपल्या मा-नं मामूकडं कधी मागितला?"

"नाही मागितला. म्हणून मामू मेल्यावर मामीनं तिला ओसरीवरून परत पाठवली. मी होते बरोबर. नऊ वर्षांची. येताना सगळी वाट मा माझा हात आवळून चालत होती."

अजीजचा आवाज चढला. "इतकी वर्षं घर मी सांभाळलं!"

"अब्बा अंथरुणाला होते तेव्हा बिनपगारी रजा घेऊन सहा महिने मी होते तिथं. त्यांची कूस मी बदलत होते. तू फोन करत होतास."

"लोकांना काय सांगू मी?"

"सांग, बहीण नाही म्हणाली."

"आज नाही म्हणालीस, तर मला बहीण नाही असं समजेन."

कागद फाइलमध्ये नीट सरकवून तिनं फाइल त्याच्या हातात दिली. "ते तू ठरव. माझा हिस्सा अल्लानं लिहिलाय, तो मी खोडणार नाही. माझ्या माहेरचा दरवाजा विकायला मी सही देणार नाही. खलास."

अजीज निघून गेला. चहाला थांबला नाही.

हिबाला भाषा कळली नव्हती, शेवटचा अरबी शब्द तेवढा कळला होता. तिनं वही हळूच स्वतःकडे ओढली. "आज राहू दे."

"नाही." बिलकीसनं वही परत ओढली. "तू लिहिलंयस तसंच जाऊ दे. तिनं केली. लोकांनी वाचू दे."

तिनं ते वाक्य टाइप केलं. या वेळी चुकलं नाही.

मग तिला आठवलं. गावाकडच्या वहिनीसाठी बांधलेली खजुराची पिशवी काउंटरखालीच राहिली होती. ती पिशवी घेऊन उन्हात धावली. बसच्या रांगेत अजीज पाठमोरा उभा होता.

"वहिनीला दे. सलाम सांग."

त्यानं पिशवी घेतली. तिच्याकडे न बघता बसमध्ये चढला आणि पलीकडच्या खिडकीशी बसला. पिशवी त्यानं मांडीवर घेतली होती.

बस वळून दिसेनाशी होईपर्यंत बिलकीस तिथेच उभी राहिली. मग पदरानं तोंड पुसून ती उन्हातून परत चालू लागली. चालताना तिनं मान खाली घातली नाही.