पानठेल्यावरची चौकशी

केशवराव प्रतिष्ठा हा शब्द मिठासारखा वापरत. भाजीवालीने वरून सांबाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, चार काड्या टाकल्या नाहीत की यांच्या प्रतिष्ठेला धक्का. न्हाव्याने दुसऱ्याला आधी बसवलं की प्रतिष्ठेचा प्रश्न. पाटबंधारे खात्यातून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेला माणूस, पण महाल वस्तीतल्या त्या अरुंद बोळीत तोरा असा, की धरणं यांनीच बांधली. बायको पुष्पलता म्हणायची, "इतकी प्रतिष्ठा आहे, तर घरात काहून दिसत नाही मले?"

हल्ली मात्र खरोखरचा प्रश्न आला होता. मुलगी वैभवी हिचं काटोलच्या एका मुलाशी जुळत आलं होतं. दोघं एकाच बँकेत, एकमेकांना पसंत. पोरीने तर मनात संसारही मांडला होता. फक्त चौकशी बाकी होती. आपल्याकडे पत्रिकेहून मोठी ती चौकशी. मुलाकडचं कोणीतरी न सांगता येतं, मुलीच्या घराजवळच्या पानठेल्यावर उभं राहतं आणि सुपारी चघळत विचारतं, इथले ते अमुक, माणूस कसा आहे? तिथे नापास झाला तो संपला.

केशवरावांनी पेपरच फोडायचं ठरवलं. पानठेलेवाल्या विक्कीला पढवून ठेवलं.

"कोणी माझं विचारलं तर काय सांगशील?"

"देवमाणूस."

"नुसतं देवमाणूस नाही. प्रतिष्ठित देवमाणूस म्हण."

वर स्वतःही सकाळपासून तिथेच ठाण मांडून बसले. आपली कीर्ती आपल्याच कानांनी ऐकायची हौस, दुसरं काय.

दुपार व्हायच्या आत एक धिप्पाड बाई आल्या, मागे पिशवी धरलेले यजमान. केशवराव सावरून बसले. बाई म्हणाल्या, "काहो भाऊ, डबे पोचवणाऱ्या यमुताई इथंच राहतात ना? त्यांच्या अमोलसाठी आमची भाची दाखवावी म्हणतो. घर कसं आहे?"

हात्तिच्या, चौकशी शेजारणीची निघाली. केशवरावांचा जीव भांड्यात पडला आणि जीभ सुटली. यमुताईंशी त्यांचं नालीच्या पाण्यावरून जुनं वाकडं होतं.

"मी कोणाचं वाईट बोलत नाही," त्यांनी सुरुवात केली. "पण पोरीच्या जिंदगीचा सवाल आहे म्हणून सांगून राहिलो. पोरगा पितो. बाईच्या डब्यात कालची भाजी असते. नवरा काय उगाच गेला घर सोडून?"

नवरा हृदयविकाराने वारला होता, साऱ्या बोळीला माहीत. आणि अमोल तर चहासुद्धा पीत नव्हता. विक्कीने पानाला कात लावता लावता मान खाली घातली. बाईंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि यमुताईंच्या दाराकडे वळल्या. केशवराव खुशीत जेवायला गेले. वर दोन पोळ्या जास्त खाल्ल्या.

संध्याकाळी फोन आला. "मी दीपमाला, काटोलच्या मुलाची मावशी. सकाळी ठेल्यावर भेटलो आपण."

केशवराव खुर्चीवरून उठले.

"भाची-बिची काही नाही, खोटं बोलले मी. आमच्याकडे पोरीच्या बापाचं शेजाऱ्याले नाही विचारत. शेजाऱ्याचं बापाले विचारतो. माणूस लवकर कळते."

समोर वैभवी उभी होती, बापाच्या तोंडाकडे टक लावून. पोरीचं आपणच वाटोळं केलं, हे केशवरावांना कळून चुकलं.

"मंग यमुताईंकडे गेलो. तुम्ही काय म्हणाले ते सगळं सांगितलं. तरी त्या म्हणाल्या, वैभवी लाखात एक आहे, बापाच्या तोंडापायी तिले सोडू नका. त्यांच्या शब्दावर आम्ही हो म्हणून राहिलो. पण लग्नाची बैठक त्यांच्याच घरी होईल. जाऊन विचारा त्यांना."

"ते लोक हो म्हणाले का, बाबा?" वैभवीने विचारलं. केशवरावांनी मान हलवली, चपला घातल्या आणि शेजारचं दार वाजवलं. आत यमुताई पोळ्या लाटत होत्या. केशवरावांनी चाचरत बैठकीचं काढलं.

"घ्या न बैठक इथं, भाऊजी," यमुताई लाटणं न थांबवता म्हणाल्या. "नाश्ताही मीच करते, ताजा. फक्त एक सांगा. पाहुण्यांसमोर अमोलले बसू देऊ, का तुमच्या प्रतिष्ठेपायी बाहेर पाठवू?"

केशवराव उंबऱ्यावरून एक पाऊल मागे सरले.

"त्याला बसू द्या आत," ते म्हणाले. "मी बसतो बाहेर."