दगडाखालची बरणी

"मार्झेना, तळघराच्या झाकणावर टेबल ओढत नको जाऊस गं," असं गेनोवेफाबाई सुनेला दर नाताळला बजावायच्या. "आई, वर्षातून एकदाच तर ओढते. तळघर काय पळून जातंय?" सून हसायची. खाली मीही हसायचे.

मित्रांनो, मी पोलंडमधल्या एका खेड्यातली, कोबी आंबवायची जुनी बरणी आहे. मीठ लावलेला कोबी माझ्यात दाबून भरतात, वर लाकडी चकती आणि चकतीवर नदीतला दगड. असे चाळीस हिवाळे मी अंधारात काढले. वर पाहुणे बोटं चाटतात. माझं नाव कुणी काढत नाही.

यंदा नाताळच्या आदल्या दिवशी पिएरोगीसाठी, म्हणजे उकडलेल्या करंज्यांच्या सारणासाठी, कोबी हवा होता. मार्झेना टेबलावरच्या चादरीखाली नाताळच्या रिवाजाप्रमाणे पसरायचं गवत आणायला कोठारात गेली होती. तिचं बाळ पाळण्यात होतं, पण रांगत्या बाळाचा काय भरवसा? म्हणून गेनोवेफाबाईंनी तळघरात उतरताना झाकण डोक्यावर ओढून घेतलं. मार्झेना परतली. झाकण बंद दिसलं, तिने मेजवानीसाठी टेबल वर ओढलं.

"मार्झेना! अगं, मी खाली आहे!"

वर रेडिओवर नाताळची गाणी चालू होती.

बाईंनी माझ्यावरचा दगड उचलला, बटाट्यांच्या खोक्यावर चढून झाकणावर आपटला. ठक, ठक, ठक. वरून मार्झेनाचा आवाज आला, "विएस्वाव! किती धोपटतोस त्या माशाला! मेला असेल की बिचारा!"

नवरा अंगणात नाताळचा मासा मारतोय असं तिला वाटलं होतं. सासूबाई शेजारी गेल्या असतील, असंही वाटलं होतं.

थंडीने बाईंची बोटं आखडली. दगड सुटून पडला. त्या मला टेकून बसल्या आणि हळूहळू बोलायच्या थांबल्या. माझ्यावर दगड नव्हता, तरी इतकी अडकलेली मी कधीच नव्हते.

बऱ्याच वेळाने विएस्वाव घरात आला. "मासा? तो तर सकाळीच कापून ठेवला मी."

"मग मघाशी ठोकत कोण होतं?"

वर पावलं धावली. मग टेबल करकरलं, उजेड आत आला. "आई! आई गं!" मार्झेना रडत खाली वाकली.

गेनोवेफाबाईंनी निळे ओठ हलवले. "आधी बाळाला धर. झाकण उघडं आहे."

मित्रांनो, मला पाय नाहीत, हाक मारता येत नाही. तुम्हाला येते. तुमच्या घरातलं एखादं म्हातारं माणूस बराच वेळ दिसलं नसेल, तर 'शेजारी गेलं असेल' असं म्हणू नका. हे वाचायचं इथेच थांबवा आणि ते कुठे आहे, बघून या.