उचाट्याची चोच

म्हशीसारखं दिसायला लाज न वाटणारा शिक्षक धारवाडात एकच होता, आणि तो शास्त्र शिकवत असे. डिसेंबर लागला की पद्मनाभ मास्तर पहाटे काळी घोंगडी पांघरून केलगेरीच्या तलावात उतरत आणि गुडघाभर चिखलात, म्हशींच्या कळपाला लागून ओणवे उभे राहत. पाणपक्षी माणसाला बघून उडतात, म्हशीला बघून उडत नाहीत, हा त्यांचा शोध. घोंगडीच्या आत लाकडी कॅमेरा असे. दोन हिवाळ्यांत म्हशींनी त्यांना आपलं म्हटलं. शिक्षकांच्या खोलीत मात्र अजून तेवढी मजल गेली नव्हती.

याला कारण उचाट्या. तीन वर्षांपूर्वी मास्तरांनी तलावाच्या उथळ पाण्यात हा पक्षी पाहिला होता. काळापांढरा, लांब टांगांचा, आणि चोच चांभाराच्या आरीसारखी बारीक, टोकाला वर वळलेली. त्यांनी मुंबईच्या पक्षितज्ज्ञांच्या मंडळाला चार पानी पत्र लिहिलं. उलट टपाली चार ओळी आल्या: हा पक्षी आपल्या भागात आजवर कोणी पाहिलेला नाही, आपण शेकाट्या पाहिला असावा, त्याची चोच सरळ असते, चष्मा तपासून घ्यावा. हे पत्र कोणा भल्या माणसाने शाळेत मोठ्याने वाचून दाखवलं. तेव्हापासून मास्तरांनी पाऊस येईल म्हटलं तरी लोक हसून छत्री घरी ठेवत आणि भिजत. मास्तर जन्मात कधी खोटं बोलून मोठे झाले नव्हते. खोटारडे ठरल्याचं त्यांना फार लागलं.

यंदा पौषात तो पुन्हा आला. मान डावी-उजवी फिरवत, चोचीने पाणी कापत तो थेट मास्तरांच्या समोर येऊन थांबला. मास्तरांनी काचेच्या एका प्लेटवर त्याचा फोटो घेतला. दुसरी प्लेट चढवेपर्यंत एका म्हशीने शिंक दिली आणि पक्षी गेला.

घरी प्लेट धुण्याची सोय नव्हती. धुण्याच्या औषधांचा वास देवघरापर्यंत जातो म्हणून पत्नी वेणूबाईंनी मास्तरांची अंधारी खोली कधीच बंद करून टाकली होती. म्हणून मास्तरांनी प्लेट बाळाचार्यांच्या फोटो स्टुडिओत दिली, मुंबईचा पत्ता दिला, आणि ते परीक्षेच्या कामासाठी बेळगावला गेले.

पंधरा दिवसांनी मुंबईचं पत्र आलं. छायाचित्राबद्दल आभार. शेकाट्या सुरेख आला आहे.

मास्तर पंचा आणि बंडीवरच स्टुडिओत पोचले. बाळाचार्यांनी काच उजेडात धरली. पक्षी होता, पाणी होतं, आणि चोच फुटपट्टीने आखल्यासारखी सरळ होती.

"हे काय केलंत?"

"सोट्ट होती की हो चोच!" बाळाचार्य म्हणाले. सोट्ट म्हणजे वाकडी. "परगावी जाणारा फोटो. तसाच कसा पाठवायचा? वळलेलं टोक पेन्सिलीने बुजवलं, सुरीने खरवडून नवी सरळ काढली. मास्तर, आज अठरा वर्षं मी लग्नाच्या मुलींचे फोटो करतोय. देवीचे वण घालवलेत, तिरळे डोळे सरळ केलेत. एक फोटो परत आलेला नाही."

"पेन्सिल पुसता येईल?"

"हौद्री, पेन्सिल पुसता येते. पण खरवडताना खरं टोकही गेलं, ते कसं भरून येणार?"

मास्तर तिथल्याच खुर्चीवर बसले, ज्या खुर्चीवर अर्ध्या धारवाडच्या मुली बसून गेल्या होत्या. त्यांना रडू येत होतं आणि बाळाचार्यांचा रागही येईना, कारण त्या माणसाने जीव ओतून काम केलं होतं.

मग त्यांना एक वाट सुचली. चोच आपण बदलली असं बाळाचार्यांनी लिहून द्यायचं, आणि मंडळाच्या सभासदाने ते तपासून सही करायची. जिल्ह्यात सभासद एकच, हुबळीचे दत्तात्रेयराव वकील.

"देतो की लिहून," बाळाचार्य म्हणाले. "पण वकील विचारणार, आणखी कोणाकोणाचं काय बदललं. विचारलं तर मी खोटं सांगणार नाही, मास्तर. मी फोटोत करतो, तोंडाने करत नाही."

 दत्तात्रेयराव मास्तरांचे होणारे व्याही होते. मुलगा कराचीला नोकरीला. त्याने मास्तरांच्या मुलीला, कुसुमावतीला पाहिलेलं नव्हतं; वकील बघून गेले होते, पण त्याने होकार कळवला तो मास्तरांनी परस्पर कराचीला पाठवलेला फोटो पाहून. लग्न वैशाखात ठरलं होतं. आणि कुसुमावतीचं बसकं नाक त्या फोटोत चांगलं धारदार होतं. ते तसं करायला मास्तरांनीच सांगितलं होतं.

जेवताना त्यांनी घरात सगळं सांगितलं आणि शेवटी म्हणाले, "जाऊ दे. शेकाट्या तर शेकाट्या. मुंबईला तसं लिहून टाकतो."

वेणूबाईंनी सुटकेचा श्वास सोडून ताक वाढलं. कुसुमावती ताटावर हात तसाच ठेवून बसली होती.

"अप्पा," ती म्हणाली, "तुमच्या पक्ष्याची चोच आता परत येत नाही. माझं नाक अजून जागेवर आहे. ते दाखवायला तुम्हाला एवढी लाज वाटते?"

मास्तरांनी हातातला घास ताटात ठेवला. त्यांनी मुलीकडे पाहिलं. तीन वर्षं त्यांनी एका पक्ष्याची चोच जशी आहे तशी जगाने मानावी म्हणून चिखल तुडवला होता, आणि घरातल्या मुलीचं नाक एका वाक्यात बदलून आणलं होतं. त्यांनी हात धुतले, बाळाचार्यांना बरोबर घेतलं आणि दुपारच्या गाडीने हुबळी गाठली.

वकिलांनी कागद दोनदा वाचला. काच खिडकीशी धरून सुरीचे ओरखडे बारकाईने पाहिले. मग चष्म्यावरून बाळाचार्यांकडे बघत म्हणाले, "बरं. आणखी काय काय बदललंय तुम्ही?"

बाळाचार्यांनी तोंड उघडलं. मास्तर आधी बोलले.

"माझ्या मुलीचं नाक. मी सांगून करवलं."

खोलीत पंख्याची दोरी ओढणारा गडीसुद्धा थांबला. वकिलांनी त्याला ओढ म्हणून खूण केली.

"मुलगी बघायला मी स्वतः आलो होतो, मास्तर," ते म्हणाले. "नाक समोरच होतं. तुम्ही पाठवलेला फोटो मुलाने मला दाखवायला धाडला, त्याच दिवशी मी त्याला खरं कळवलं. तो म्हणाला, नाकाचं काही नाही, पण खोटं का पाठवलं ते विचारा. मी विचारलं नाही. तुम्ही आपणहून कधी सांगता ते बघत होतो."

मास्तरांची मान खाली गेली.

"आता पक्ष्याचं बोला. चोच वर वळलेली होती? स्वतः पाहिलीत?"

"पाहिली," मास्तर म्हणाले. त्यांचा आवाज फार बारीक निघाला.

वकिलांनी बाळाचार्यांच्या कबुलीखाली सही केली. मग थोडा विचार करून त्याखाली स्वतःच्या हाताने आणखी एक ओळ लिहिली: गृहस्थ माझे व्याही आहेत, त्यांचा शब्द मी खरा मानतो. कागद त्यांनी मास्तरांकडे सरकवला आणि वैशाखातल्या मुहूर्ताची यादी मागितली.