कुलपाचं कवच

तापलेली स्प्रिंग चिमट्याने तेलात बुडवून धाकट्याने बातमी सांगून टाकली.

"दादा, शहरातल्या कारखानदाराचं पत्र आलंय. सोमवारी बोलावलंय."

थोरला समोरच्या पाटावर कुलपाचं पितळी कवच कानशीने घासत होता. त्याचा हात थांबला नाही.

या गल्लीत एकेकाळी कुलपांची अकरा दुकानं होती. एक जण कवच घडवी, दुसरा कडी, तिसरा किल्ली, चौथा मुलामा चढवी. अख्खं कुलूप एकट्याने करणारा कुणीच नव्हता. आधी मुलामेवाला शहरात गेला, कारण गिऱ्हाईक तिकडे होतं. मग किल्लीवाला गेला, कारण मुलामेवाला तिकडे होता. उरले हे दोघे भाऊ. किल्ल्या आणि कड्या शहरातून मागवता येत. स्प्रिंग मात्र धाकट्याचीच लागे, शहरातली या कवचात बसत नसे. तो गेला की थोरल्याचं काम त्याच दिवशी बंद पडणार होतं.

धाकट्याने त्यालाही बरोबर चलायचा आग्रह करून पाहिला. तिकडे यंत्र मिनिटाला साठ कवचं ठोकतं, मी काय यंत्राला वारा घालत बसू, असं थोरला म्हणाला. दाराशी बसलेली वहिनी हसली आणि लगेच उठून आत गेली.

"तू नको म्हणालास तर नाही जात," धाकटा म्हणाला.

थोरल्याने कवच उजेडात धरून पाहिलं.

"जा. तसाही हल्ली तुझा हात बिघडलाय. कुलपं परत यायला लागलीत. मीच सांगणार होतो, दुसरं काहीतरी बघ म्हणून."

वीस वर्षांत धाकट्याला असं कुणी बोललं नव्हतं. त्याने चिमटा खाली ठेवला. कुठली कुलपं, कुणाची, हेही विचारलं नाही. सोमवारी पहाटे तो निघाला तेव्हा थोरला उंबऱ्यापर्यंत आला होता; धाकट्याने वाकून नमस्कार केला नाही.

कारखान्याच्या एकाच गल्लीत त्याला किल्लीवाला भेटला, मुलामेवाला भेटला. खोकी छापणाराही शेजारीच होता. सकाळी अडलेलं काम दुपारी मार्गी लागे.

कारखानदाराने खुर्ची दिली आणि खणातून एक कागद काढला.

"तुमच्या भावाने दोन महिन्यांपूर्वी तुमच्या स्प्रिंगचे नमुने पाठवले, म्हणून तर तुमचा पत्ता लागला. आम्ही आठ दिवस दाबून पाहिले, एक मोडला नाही."

धाकट्याने कागद हातात घेतला. ते ठसठशीत, उजवीकडे कललेलं अक्षर त्याच्या ओळखीचं होतं. असा हात तुम्हाला दुसरीकडे मिळणार नाही, असं लिहिलं होतं. खाली आणखी एक ओळ होती: मी लिहिलंय हे त्याला कळू देऊ नका, नाहीतर तो यायचा नाही.

"आता सांगायला हरकत नाही, तुम्ही आलातच," कारखानदार म्हणाला. "भाऊ काय करतात?"

धाकट्याने कागदाची घडी जशी होती तशीच घातली.

"कुलपाची कवचं घडवतो," तो म्हणाला.