घडीला दोघं लागतात

अहो, आधी चपला काढा. हो, तुम्हालाच म्हणतेय. आणि एकदम धप्पकन बसू नका, माझ्या काळजात धस्स होतं. मी सतरंजी आहे. शाळेच्या हॉलमधली, निळ्या-लाल पट्ट्यांची, कोपऱ्यात काळ्या शाईनं शाळेचं नाव लिहिलेली. सतरंजीला कसलं आलंय काळीज, असं म्हणाल. पण जिच्यावर एवढी वर्षं लहान मुलं बसली, तिला नसेल तर मग कुणाला असणार?

माझा जन्म सोलापूरचा, मागावरचा. तिथलं एवढंच आठवतं की सारखं खटॅक-खट चालायचं आणि प्रत्येक खट्‌ला मी दचकायचे. तो स्वभाव तिथूनच चिकटला. पुढे मला गुंडाळून ट्रकमध्ये टाकलं, स्वारगेटला उतरवलं आणि हातगाडीवरून सदाशिव पेठेत आणलं. आमची शाळा एका क्लासच्या आणि एका दातांच्या दवाखान्याच्या मध्ये आहे. डावीकडून पाढे ऐकू येतात, उजवीकडून किंचाळ्या. परीक्षा जवळ आल्या की उलट.

माणूस कसा आहे ते मला तो बसतो कसा यावरून कळतं. खोटं बोलून आलेलं मूल कडेला बसतं आणि माझ्या दशा ओढतं. ज्याच्या डब्यात आवडती भाजी असते ते मांडी घालायचीही वाट बघत नाही. प्रमुख पाहुणे खुर्चीवर बसतात, त्यामुळे त्यांच्याबद्दल मला काही सांगता येणार नाही.

मी लांबलचक आहे. एकट्यानं माझी घडी होतच नाही. दोघांनी दोन टोकं धरायची, मग एकानं जागेवर थांबायचं आणि दुसऱ्यानं चालत यायचं. कोपऱ्याला कोपरा जुळवायचा. पुढच्या घडीला आधी थांबलेल्यानं चालायचं. बास, एवढंच शास्त्र. पण एका शनिवारी दोन मुलं एकमेकांच्या झिंज्या उपटताना सापडली, आणि तेव्हाचे मुख्याध्यापक वैजनाथ सर यांना काही शिक्षाच सुचेना. ते म्हणाले, "आधी ती सतरंजी उचला, मग बघतो तुमच्याकडे." दोघं फुरंगटून दोन टोकांना गेली. पहिल्या घडीला एकमेकांकडे बघेनात. दुसऱ्या घडीला "नीट धर की" एवढं बोलली. तिसऱ्या घडीला माझी धूळ उडून दोघांना एकदमच शिंका आल्या आणि भांडण संपलं. सर बिचारे शिक्षेचा विचार करतच बसले होते.

तेव्हापासून प्रथाच पडली. शनिवारी कवायत आटोपली की त्या आठवड्यात ज्यांचं वाजलं असेल त्यांनी माझी घडी घालायची. कुणाचंच वाजलेलं नसलं की पंचाईत. मग पोरं घाईघाईनं एखादं भांडण उकरून काढायची.

शेफाली आणि मेहनाज पाचवीत असताना अशाच माझ्या दोन टोकांना उभ्या राहिल्या होत्या. मेहनाज म्हणजे आमच्या शाळेचे गणवेश शिवणाऱ्या नियाजभाईंची मुलगी. भांडण कशावरून होतं ते दोघींनाही आता आठवत नाही. मला आठवतं, पण सांगणार नाही. दोघी अजून मैत्रिणी आहेत, त्यात कशाला बिब्बा घाला?

तीच शेफाली बी.एड. करून पाचवीची वर्गशिक्षिका म्हणून परत आली. नेमणूक तात्पुरती, एका वर्षाची. गुणाची पोर, पण दचकण्यात मलाही मागे टाकणारी. घंटा झाली की खडू हातातून पडायचा. फोन थरथरला की ही थरथरायची. वर्गातली मुलं फार चांगली. तास संपत आला की पहिल्या बाकावरची स्पृहा हळूच सांगायची, "बाई, आता घंटा होणार हं." मग शेफाली खडू खाली ठेवायची, टेबलाची कड घट्ट धरायची आणि सगळा वर्ग मिळून घंटेची वाट बघायचा.

वैजनाथ सर निवृत्त झाले आणि त्यांच्या जागी राजनंदिनी मॅडम आल्या.

पहिल्याच दिवशी त्यांनी हॉलमध्ये येऊन बुटाच्या टोकानं माझा कोपरा उचलून बघितला. बूट! मी तेव्हाच ओळखलं. जुन्या सवयीनं मुलं त्यांना "मोठ्या बाई" म्हणाली, तर उत्तर आलं, "मी मोठी आहे ते मला माहीत आहे. मॅडम म्हणायचं." मग नियमांचा सपाटा सुरू झाला. जिना डावीकडूनच चढायचा. मधल्या सुट्टीत पळायचं नाही. डबा आपापल्या बाकावर, आपापला आणि मुकाट्यानं. शिक्षकांनी वर्गात खुर्चीवर बसायचं नाही. खुर्च्यासुद्धा घाबरून भिंतीला टेकल्या होत्या म्हणे.

खोटं कशाला बोलू, त्यांच्यामुळे गळका नळ थांबला. मुलींच्या स्वच्छतागृहाला धड कडी आली. आणि मलाही त्यांनी गच्चीवर टाकून काठीनं झोडपून घेतलं. तेव्हा माझ्यातून जे काही निघालं ते बघून माझी मलाच लाज वाटली: शेंगदाणे, एक टिकली, कुणाचा तरी दुधाचा दात. ऊन खाऊन खाली आले तेव्हा इतकं हलकं वाटत होतं, की बाई कडक असल्या तरी मनानं बऱ्या असाव्यात, असं वाटायला लागलं होतं.

त्याच शनिवारी त्यांनी माझी घडी बघितली. पाचवीतला सूरज आणि सहावीतला कुणीतरी मला धरून हसत-खिदळत उभे होते.

"एका सतरंजीला दोन मुलं?" मॅडम म्हणाल्या. "आणि एवढा वेळ?"

शेफालीनं कसंबसं सांगितलं, "मॅडम, ते... त्यांचं भांडण झालं होतं. म्हणून."

"भांडण झालं तर माझ्याकडे पाठवा. भांडणासाठी ऑफिस आहे. आणि हिचे चार तुकडे करून घ्या. मजल्यामजल्यावर एकेक होईल, एकेका मुलाला उचलताही येईल. सोय बघायची असते, शेफालीबाई."

चार तुकडे! माझे दोरे न् दोरे गार पडले. आणि अवघड गोष्ट अशी, की बाईंच्या बोलण्यात चूक काढायला जागा नव्हती. सोय तर होतीच.

पुढच्या आठवड्यात कंपासपेटीवरून स्पृहाचं आणि सूरजचं जुंपलं. नियमाप्रमाणे दोघं ऑफिसात गेले. दोघांना दोन टोकांच्या बाकांवर बसवलं, दोघांनी "पुन्हा करणार नाही" म्हटलं, आणि दोघं वेगवेगळ्या जिन्यांनी वर्गात आले. त्यानंतर ते बोललेच नाहीत. भांडण मिटलं होतं, पण अबोला कुठल्याच नियमात बसत नव्हता. तास संपत आला तरी स्पृहा आता घंटेचं सांगायची नाही, कारण सांगितलं की सूरज तोंड वाकडं करायचा. शेफाली पुन्हा खडू पाडायला लागली.

तिला मॅडमशी बोलायचं होतं. रोज ती ऑफिसच्या दारापर्यंत जायची आणि पाणी पिऊन परत यायची. आमचा पाण्याचा कूलर ऑफिसच्या शेजारीच आहे, ही तिची मोठी सोय होती. मग जिन्याखाली येऊन माझ्या घडीवर बसायची आणि माझ्यापुढे तालीम करायची. "मॅडम, मला नम्रपणे असं वाटतं, की..." एवढ्यात पाल चुकचुकायची आणि ही टुणकन उभी. पुढचं वर्ष नोकरी राहणार की नाही, ते त्याच मॅडमच्या हातात होतं. घाबरणार नाही तर काय करेल? मला तिचा राग नाही आला. पण तिच्याशिवाय माझं होतं तरी कोण?

शेवटी तो दिवस उजाडला. नियाजभाई टेप, खडू आणि कात्री घेऊन हॉलमध्ये हजर. कात्री बघून मी डोळे मिटले असते, पण सतरंजीला ती सोय नाही.

"मॅडम, जमिनीवर मोजत बसलो तर चारही वाकडे येतील," नियाजभाई म्हणाले. "मधोमध घडी घालून द्या, घडीवर रेघ मारतो. आणि चहाचं सांगून ठेवा, माझ्या गुडघ्यांना वेळ लागतो."

तास चालू होते, शिपाई बँकेत गेला होता. हॉलच्या दारात पाणी पिऊन परतणारी शेफाली तेवढी सापडली.

"शेफालीबाई, ते टोक धरा."

झालं. एका टोकाला मॅडम, दुसऱ्या टोकाला शेफाली. मॅडमनी मला असं ताणलं, की सोलापूर आठवलं. मग "चला!" म्हणाल्या आणि स्वतःच तरातरा निघाल्या. त्यांना थांबायची सवय नव्हती. शेफाली "चला" ऐकून दचकली आणि तीही निघाली. एकानं थांबायचं असतं हे सांगायला मला तोंड नव्हतं. दोघी मधोमध आल्या, मी दोघींच्या मध्ये ढीग होऊन पडले, आणि कपाळावर कपाळ आपटलं. ठक्क!

नियाजभाईंनी खडू खिशात ठेवला.

"आई गं!" हे मॅडम म्हणाल्या. आमच्या शाळेत त्या आल्यापासून त्यांच्या तोंडून आलेलं हे पहिलं बिननियमाचं वाक्य.

शेफाली कपाळ धरून उभी होती. सगळ्यात वाईट जे व्हायचं ते होऊन गेलं होतं, त्यामुळे आता घाबरायला काही उरलंच नव्हतं, असं मला वाटतं. कारण ती जे बोलली ते आमच्या तालमीत कुठेच नव्हतं.

"मॅडम, दोघींनी नाही चालायचं. एकीनं थांबायचं असतं. आणि इतकं ताणायचं नाही, थोडं ढिलं सोडायचं. हेच तर मुलं हिच्याकडून शिकतात. स्पृहा आणि सूरज महिनाभर बोलत नाहीयेत. तुम्ही भांडण मिटवलंत, पण ते एकमेकांपर्यंत चालत आलेच नाहीत. चार तुकडे केलेत तर एकेकटा उचलेल. सोय होईल. पण मग येणार कोण कुणाकडे?" आणि मग एकदम भानावर येऊन, "सॉरी. बर्फ आणू का?"

कपाळावरचं टेंगूळ चाचपत मॅडम माझ्याकडे बघत राहिल्या.

"मेहनाज विचारत होती, शेफाली अजून दचकते का," नियाजभाई पुटपुटले. "आता सांगतो, हल्ली दुसऱ्यांना दचकवते." मग घसा खाकरून, "मॅडम, कात्री उघडी ठेवू की मिटू?"

"मिटा," मॅडम म्हणाल्या. "बर्फ नको. पुन्हा टोक धरा. आता मी थांबते."

शेफाली चालत गेली. कोपरे जुळले.

आता तुम्ही म्हणाल, बाई मवाळ झाल्या. छे हो! सोमवारी हॉलमध्ये नवी सूचना लागली: 'सतरंजीची घडी भांडणाऱ्यांनीच घालावी. पाळीपाळीने चालावे. ओढू नये. घडी तिरकी आल्यास पुन्हा घालावी.' म्हणजे प्रथा तीच, फक्त आता तिला इस्त्री केलेली. स्पृहा आणि सूरजची घडी तीनदा तिरकी आली. चौथ्यांदा मॅडमनी "ठीक" म्हटलं तेव्हा दोघं हसून हसून माझ्यावरच लोळत होते, आणि त्या दिवसापासून घंटेची वर्दी पुन्हा सुरू झाली.

गेल्या शनिवारचं सांगते आणि थांबते. पाचवीची सहल खडकवासल्याला न्यायची ठरली होती. सगळ्यांसमोर मॅडमनी बजावलं, "उघड्यावरचं काहीही खायचं नाही."

"कणीससुद्धा नाही?" शेफालीनं विचारलं.

"नाही."

"मॅडम, खडकवासल्याला जाऊन कणीस खायचं नाही, तर मुलांनी काय धरण मोजायचं?"

मुलांनी श्वास रोखला. मीही. मॅडमच्या भुवया वर गेल्या. तेवढ्यात स्पृहा उठली, सूरजला खूण केली, आणि दोघांनी माझं एक टोक मॅडमसमोर आणि दुसरं शेफालीसमोर आणून ठेवलं.

"हे काय?" मॅडम म्हणाल्या. "आमचं भांडण झालेलं नाही. मतभेद झाला आहे."

"चालेल, मॅडम," स्पृहा म्हणाली. "मतभेदाला पण हीच आहे. वेगळी नाही आमच्याकडे."

मॅडमनी भिंतीवरची आपलीच सूचना एकदा वाचली. मग वाकून माझं टोक उचललं.

"आधी कोण चालणार?"

"तुम्ही, मॅडम," शेफाली म्हणाली. आवाज थोडा कापला, पण टोक सुटलं नाही. हॉल इतका शांत झाला, की दवाखान्यातलं दात कोरायचं मशीन ऐकू आलं.

आणि मॅडम निघाल्या. हळूहळू, मला न ताणता. मला जाणवलं, त्यांच्या पायांत बूट नव्हते.

कोपऱ्याला कोपरा टेकला तेव्हा त्या फक्त शेफालीला ऐकू जाईल असं म्हणाल्या, "दोघांत एक कणीस."

"एकेकाला एक."

"तिखट लावायचं नाही."

"मॅडम," शेफाली म्हणाली, "अजून दोन घड्या बाकी आहेत."

तर अशी मी. सध्या जिन्याखाली असते, अख्खी. तुमच्याही घरात माळ्यावर कुणीतरी माझी बहीण पडलेली असेल. तिला खाली काढा, झटका, आणि ज्याच्याशी तुमचं वाजलंय त्याला दुसरं टोक धरायला बोलवा. फार ओढू नका. एकानं थांबा, एकानं चाला, आणि पाळी आली की दुसऱ्यानं चाला. बाकी मी बघून घेते.

बरं, या आता. आणि जाताना चपला तेवढ्या आपल्याच घाला.