पालथी पातेली

मी एक जुनी पितळी पातेली आहे. बुडाला दोन पोचे आहेत, काठाला एक चीर आहे आणि पोटातली कल्हई आता नावापुरती उरली आहे. पण मित्रांनो, माझ्याकडे बघून हसू नका. तुमच्या घरातली ती चकचकीत स्टीलची भांडी माझ्यापुढे कालची पोरं! पितळेला जरा मिजास असतेच, ती तेवढी चालवून घ्या.

तांबटाच्या हातोडीचा मार खाऊन मी घडले आणि अमीरबीच्या लग्नात तिच्याबरोबर उदगीरला पाशामियाँच्या घरी आले. पाशामियाँ कल्हईवाले. त्यांनी भात्यानं निखारे फुलवून कथलाचा हात फिरवला की काळवंडलेल्या भांड्याचं पोट लख्ख व्हायचं. मग घरच्या पातेलीचे लाड काय विचारता! ईदचा शीरखुर्मा माझ्यातच व्हायचा. शेजारच्या नीलाबाईकडे पाहुणे आले की ती मलाच मागून न्यायची, आणि परत आणताना माझ्यात मूठभर शेंगा नाहीतर गुळाचा खडा असायचाच. भांडं रिकामं द्यायचं नाही आणि रिकामं परत करायचं नाही, अशी आमच्याकडची रीत. रीत चांगलीच आहे. पण हीच रीत एकदा एका लेकराच्या जिवावर उठली होती.

तो बाहत्तरचा दुष्काळ. लातूर जिल्हा तेव्हा झाला नव्हता, आमचं उदगीर उस्मानाबाद जिल्ह्यात मोडायचं. विहिरींनी तळ दाखवला. लोक कल्हईला भांडी आणेनात, मोडीत घालायलाच नेऊ लागले. आमच्या घरासमोरच्या माळावर रस्त्याच्या दुष्काळी कामावर आलेल्या मजुरांसाठी पत्र्याच्या खोल्या उभ्या राहिल्या. त्यातल्या शेवटच्या खोलीत चाकूरकडचं एक कुटुंब आलं. केरबा, त्याची बायको सरजाबाई आणि वर्षाची लेक. गावाकडची भांडीकुंडी त्यांनी एकेक करून विकून खाल्ली होती. केरबानं हौसेनं लेकीचं नाव सुजाता ठेवलं होतं. बुद्धांना खीर देणाऱ्या बाईचं नाव ते. आणि या सुजाताच्या तोंडात घालायला पातळ पेजसुद्धा पुरत नव्हती.

गल्लीनं जमेल ते दिलं. अडतीवर हमाली करणाऱ्या चंद्रप्पानं दाराला लावायला बारदान दिलं, नीलाबाईनं घोंगडी दिली. सरजाबाईनं हात जोडून ते घेतलं. मग अमीरबीच्या नजरेस पडलं, की ही बाई डालड्याच्या रिकाम्या डब्यात शिजवते.

"माझी पातेली तिला दिऊन टाकते," ती पाशामियाँना म्हणाली. "पण रिकामी कशी दिऊ?"

म्हणून तिनं माझ्यात ज्वारीच्या कण्या शिजवल्या आणि मला सरजाबाईच्या हातात ठेवलं. "लेकराला चार गं माय," एवढंच बोलली. पातेली ठेवून घे, हे तिच्या ओठांवर आलं होतं. पण बाई मानी दिसत होती, भीक घातल्यासारखं वाटेल म्हणून अमीरबीनं ते शब्द गिळले.

त्या दिवशी तिघं पोटभर जेवली. सरजाबाईनं मला राखेनं कोरडंच घासलं आणि कोपऱ्यात विटेवर पालथं घातलं. दुसऱ्या दिवशी बघते तर चुलीवर पुन्हा तो डालड्याचा डबा!

"पातेली हाय की घरात," केरबा म्हणाला. "त्या डब्याची शिवण सुटून राहिली."

"दुसऱ्याचं भांडं काळं करू व्हय?"

"मग दिऊन ये जा."

"रिकामं?" सरजाबाई म्हणाली. "गावात आपल्या हातचं भांडं घेताना लोक आधी त्याच्यावर पाणी वतायचे. ह्या बाईनं हाताला हात लावून दिलं. तिला रिकामं दिऊ?"

केरबा कुदळ उचलून कामावर निघाला. आई जेवू घालीना आणि बाप भीक मागू देईना, अशी त्या घराची गत झाली. मी ओरडत होते, अगं, मी तुझीच आहे! पण पातेलीचा आवाज चमचा आपटल्याशिवाय निघत नाही, आणि मी तर पालथी पडलेली.

सरजाबाई आता रोज आपल्या वाट्यातले चिमूटभर मिलोचे दाणे फडक्यात बांधून ठेवू लागली. मिलो म्हणजे रेशनवरची लाल ज्वारी. ती स्वतः पाणी पिऊन खडी फोडायला जाई. तिचं दूध आटलं. टँकरवर अमीरबी दिसली की ती तोंड फिरवून रिकाम्या घागरीनं परत येई. तेव्हापासून अमीरबीही खोलीकडे फिरकली नाही. शेजारच्या खोलीतलं एक लेकरू दगावलं. त्या आईचा आक्रोश पत्र्यातून सरळ माझ्या पितळेत शिरत होता.

मग सुजाताला हगवण लागली. ती रडायचीसुद्धा थांबली. अशात दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तसं झालं. डब्याची शिवण उसवली आणि सगळी पेज चुलीत गेली. केरबा राखेतून ती बोटांनी निपटू लागला. निपटता निपटता चुलीमागं ठेवलेलं फडकं त्याच्या हाती लागलं.

"लेकरू मरून राहिलं, अन् तू दाणे दडवून ठिवलेस?"

"ते आपले न्हाईत," सरजाबाई म्हणाली. "ते पातेलीचे हायेत."

मित्रांनो, त्या क्षणी मला वितळून जावंसं वाटलं. मी मदत म्हणून त्या घरात आले होते, आणि त्या लेकराच्या तोंडचा घास माझ्या नावानं बांधून ठेवला जात होता.

सरजाबाईनं ते दाणे माझ्यात ओतले. बूडसुद्धा झाकलं नाही. सुजाताला खांद्यावर टाकून ती अमीरबीच्या दारात गेली.

"भाबी, लई दिवस ठिवून घेतली. ही घ्या तुमची पातेली."

अमीरबी माझ्यातल्या दाण्यांकडे बघतच राहिली. "मला वाटलं, आमच्या हातचं तुला चाललं न्हाई," ती म्हणाली. "अगे, ही तुला दिलेली होती, कायमची! रिकामी कशी दिऊ, म्हणून कण्या घातल्या."

सरजाबाई उंबऱ्यावरच बसली आणि मोठ्यानं रडली. "मग बोलली का न्हाईस भाबी? येक शब्द बोलायचा!"

अमीरबीनं तिला हाताला धरून घरात नेलं. तिनं तेच दाणे भरडून माझ्यात शिजायला घातले. किती दिवसांनी माझ्या बुडाला आच लागली! पहिला घास सुजाताच्या ओठातून बाहेर आला. दुसराही आला. तिसरा तिनं गिळला, आणि दोघी बायका एकदमच रडू लागल्या.

सुजाता वाचली. पाय काडीसारखे राहिले, पण वाचली.

पुढं ब्याऐंशी साली लातूर जिल्हा झाला. केरबाला लातुरात बांधकामावर राखणदारी मिळाली आणि माझ्यासकट त्यांचं बिऱ्हाड तिकडे गेलं. घरात स्टील आलं आणि मी फळीवर चढले, तिथं धूळ खात बसले. नव्या कचेऱ्या बांधायला गावोगावची माणसं येत होती. पुन्हा तशाच पत्र्याच्या खोल्या, पुन्हा तीच तीन दगडांची चूल. देगलूरकडून आलेली शिवम्मा तिथं फुटक्या मडक्यात भात शिजवत होती. ते बघून सरजाबाईनं मला फळीवरून उतरवलं, कल्हई करून आणली आणि माझ्यात कण्या रांधल्या.

मित्रांनो, उघड्यावर आलेल्या घराला काही द्याल, तेव्हा उपयोगाचं द्या आणि भरलेलं द्या. पण 'हे तुझंच आहे' असं तोंडानं सांगायला लाजू नका. न सांगता दिलेली वस्तू घेणाऱ्याच्या घरात ओझं होऊन बसते.

मला घेऊन सुजाता गेली. खोली अजून दूर होती, तेवढ्यातच ती काडीसारख्या पायांनी पळत ओरडू लागली, "मावशी, परत आणायची न्हाई! पातेली परत आणायची न्हाई!"

शिवम्मा दारात आली. "खरंच?"

"हाव. मायनं सांगितलंय, आधी हे बोल, मग कण्या दे."

शिवम्मानं कण्या लेकरांना वाढल्या आणि मला राखेनं घासलं. मी भीत भीत त्या खोलीच्या कोपऱ्याकडे बघत होते. तिनं माझ्यात तांदूळ धुतले, आणि मला चुलीवर ठेवलं.